वाचकांचे प्रश्न : जुन्या पॉवरबोटीचा मोडका डॅशबोर्ड

या वेळच्या टपालात चार पत्रे एकाच विषयाची निघाली. जुनी बोट घेतली, इंजिन चालते, पण सुकाणूच्या चाकाभोवतीची फळी, म्हणजे डॅशबोर्ड, उखडला आहे. तो नीट कसा करावा, किंवा नीट केल्यावर निघालेली अडचण कशी सोडवावी, असे सगळ्यांचे प्रश्न आहेत. मालवणच्या पत्रात जवळजवळ सगळी दुखणी एकत्र आली असल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर दिले आहे. उरलेल्या तिघांनीही आपल्या उत्तराआधी ते वाचावे.

प्रश्न (मालवण) : मागच्या डिसेंबरात मी गोव्यातून फायबरची १९ फुटी जुनी पॉवरबोट घेतली. बोट अमेरिकन बनावटीची, १९९८ सालची आहे. मागे ११५ हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन आहे आणि ते पहिल्या चावीला सुरू होते. डॅशबोर्डची मात्र दशा झाली आहे. उन्हाने जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या कठीण रंगीत थराला, भेगा पडल्या आहेत, आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टिमसाठी कापलेले चौकोनी भगदाड तसेच उघडे आहे, मीटरच्या काचा धुरकटल्या आहेत, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा भलतेच आकडे दाखवतो आणि वळण घेताना चाकासकट सगळी फळी हलते. बोट आठ-दहा दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. ओळखीचे एक सुतार म्हणतात की जुन्यावरच एसीपी शीट (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) चिकटवू, दोन दिवसांत नव्यासारखे दिसेल. तसे करावे का? आणि पावसाच्या आधी काम आटोपेल का?

उत्तर : शीट चिकटवू नका. तुमच्या पत्रातल्या सहा तक्रारींपैकी फक्त एक, भेगांची, डॅशबोर्डच्या पुढच्या बाजूची आहे. उरलेल्या पाचही मागच्या बाजूच्या आहेत, आणि पुढून शीट चिकटली की मागे हात घालायची वाटच बंद होते.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या बोटीत मी नेमके हेच करून घेतले होते. काळ्या चकचकीत शीटचा डॅशबोर्ड पाहून घरची मंडळी खूश झाली. तिसऱ्या महिन्यात, मुरूडहून संध्याकाळी परतताना, चाकाच्या मागून जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि पाठोपाठ सगळे दिवे गेले. फ्यूज फळीच्या मागे होता आणि फळी चिकटवलेली होती, त्यामुळे धावत मागे जाऊन बॅटरीची केबल ओढून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी फळी उचकटली तेव्हा आत दोन तारा नुसत्या पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेला एक जोड सापडला. टेपचा चीक उन्हाने पाघळला होता आणि आतल्या तांब्याची हिरवी पूड झाली होती. तेव्हापासून मी कोणाच्याही बोटीचे काम डॅशबोर्डच्या मागून सुरू करतो आणि पुढचा रंग सर्वांत शेवटी लावतो.

सर्वांत आधी हलणाऱ्या फळीकडे पाहा, कारण हे दिसण्याचे दुखणे नाही, जिवाचे आहे. सुकाणूच्या चाकामागची पेटी, जिच्यातून केबल इंजिनाकडे जाते, ती डॅशबोर्डलाच बोल्टने आवळलेली असते. बोट लाटेवर आपटली की चालवणारा माणूस तोल सावरायला चाकालाच धरतो आणि त्याचे सगळे वजन त्या तीन-चार बोल्टांवर येते. एकाला चाक पुढे-मागे ओढायला सांगा आणि स्वतः टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली निजून पाहा. फक्त पेटी हलत असेल तर बोल्ट सैल आहेत. फळीच वाकत असेल तर आतले प्लायवूड कुजले आहे किंवा फायबर चिरले आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फळीवर ठोकत जा : चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. शंका असेल तिथे मागच्या बाजूने टोक दाबून पाहा. ते मऊ लाकडात शिरले, तर त्या भागाचे लाकूड बदलण्याला पर्याय नाही. जोपर्यंत हे झालेले नाही तोपर्यंत बोट धक्क्यावरून सोडू नका.

आता उघडण्याचे काम. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, मग पॉझिटिव्ह. पेट्रोलची टाकी तळाच्या फळ्यांखाली असेल तर सगळी झाकणे उघडून तासभर हवा खेळू द्या, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशीच साचून राहते. त्यानंतर एकही तार सोडवण्याआधी मोबाइलने मागच्या बाजूचे फोटो काढा, लांबून, जवळून, डावीकडून, उजवीकडून. मग प्रत्येक तारेला कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर ती कोणत्या मीटरच्या कोणत्या स्क्रूवर होती ते लिहा. मीटरच्या मागे बारीक अक्षरे असतात : आय म्हणजे चावीनंतरची वीज, जी म्हणजे निगेटिव्ह, एस म्हणजे टाकीकडून किंवा इंजिनाकडून येणारी खबर. या कामाला मी नेहमी अर्धा दिवस देतो, आणि तो अर्धा दिवस पुढे दोन दिवस वाचवतो.

अमेरिकन बोटींच्या तारांचे रंग ठरलेले असतात. जांभळी तार चावी फिरवल्यावर मीटरांना वीज देते, राखाडी आरपीएमची, गुलाबी इंधनाची, तपकिरी-पांढरी ट्रिमची (इंजिनाच्या तिरकेपणाची), गडद निळी मीटरमधल्या दिव्यांची. काळी किंवा पिवळी निगेटिव्ह असते. पण ही बोटीची भाषा झाली, इंजिनाची वेगळी असू शकते. यामाहाच्या आउटबोर्डमधून येणाऱ्या जुडग्यात पिवळी तार चावीनंतरची पॉझिटिव्ह असते आणि आरपीएमची तार हिरवी असते. म्हणजे बोटीच्या हिशेबाने जी निगेटिव्ह, तीच इंजिनाच्या हिशेबाने पॉझिटिव्ह. त्यात तुमच्या बोटीला आधीचे मालक होऊन गेले आहेत, तेव्हा रंगावर विसंबू नका. मल्टिमीटर लावून खात्री करूनच चिठ्ठी लिहा.

डॅशबोर्ड मोकळा झाला की चौकोनी भगदाड बुजवता येईल. भगदाडाच्या कडेवरचा जेलकोट ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा आणि कड मागच्या बाजूने उतरती करा. जाडीच्या बारापट रुंद उतार हे चांगले माप आहे : फायबर तीन मिलिमीटर जाड असेल तर साधारण छत्तीस मिलिमीटर. हा उतार लोक कंटाळून टाळतात आणि मग वर्षभरात चौकोनाची रेघ रंगातून पुन्हा उमटते. पुढच्या बाजूने मेण लावलेला सनमायकाचा तुकडा चिकटपट्टीने घट्ट बसवा, म्हणजे पुढचा पृष्ठभाग आपोआप सपाट येईल. मागून एसीटोनने पुसून, रेझिनमध्ये भिजवलेल्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, थर द्या. एका थराने साधारण एक मिलिमीटर जाडी येते, म्हणून तीन ते चार थर पुरतात. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा कापा, आणि ब्रश ओढू नका, टोचत राहा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. आपल्याकडे दुकानात रेझिनबरोबर दोन बाटल्या देतात : जांभळा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. त्यांचा भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचा, आणि त्यानंतरच हार्डनर. दोघांसाठी वेगळी मापे ठेवायची. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटलीचे बूच उघडायचे नाही. हार्डनरचे प्रमाण रेझिनच्या एक ते दोन टक्के असते; एप्रिलच्या उन्हाळ्यात एक टक्काच पुष्कळ होतो. एका वेळी पाव किलोहून जास्त कालवू नका, कारण मोठ्या डब्यातले रेझिन आपल्याच उष्णतेने धुरायला लागते.

वरून खाचखळगे भरायला गाडीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी वापरू नका. ती पाणी शोषते आणि खाऱ्या हवेत फुगून निघते. रेझिनमध्येच जाड करणारी पूड मिसळून लुकण तयार करा. शेवटचा जेलकोट हवेच्या संपर्कात चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचे द्रावण घाला किंवा ओल्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा. रंग निवडताना पांढराशुभ्र किंवा चकचकीत काळा, दोन्ही टाळा. दुपारच्या उन्हात चकाकी समोरच्या काचेत उमटते आणि समोरून येणारी होडी दिसत नाही. करडा, मंद, चकाकी नसलेला रंग समुद्रावर डोळ्यांना सुख देतो.

भगदाड बुजवण्याऐवजी मीटरांसाठी एक वेगळा, स्क्रूने काढता येणारा पॅनेल करणे मला अधिक पसंत आहे. भगदाड कडेने नीट करून घ्यायचे, त्यावर पॅनेल बसवायचा आणि मीटर व स्विच त्या पॅनेलवर. सहा स्क्रू काढले की सगळा संसार हातात येतो. पॅनेलसाठी सहा मिलिमीटरची हायलम शीट चांगली. वीजकाम करणाऱ्या कोणत्याही दुकानात ती मिळते, पाण्याने फुगत नाही आणि भोके स्वच्छ पडतात. एसीपी मी इथे टाळतो, कारण कापलेल्या कडेला अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा उघडा राहतो आणि स्टीलच्या स्क्रूभोवती खाऱ्या पाण्याने त्याला पांढरी पूड धरते. प्लायवूडच हवे असेल तर आयएस ७१० छाप असलेले मरीन प्लाय घ्या, आणि प्रत्येक भोक व प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करा. प्लायवूड कुजायला सुरुवात होते ती नेहमी भोकातून. लहान मीटरला साधारण ५२ आणि आरपीएमसारख्या मोठ्याला ८५ मिलिमीटर व्यासाचे भोक लागते, तरी मीटर हातात आल्याशिवाय होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) चालवू नका. आधी पुठ्ठ्यावर मांडणी कापा, पुठ्ठा जागेवर लावा, चालकाच्या खुर्चीत बसा आणि चाकाच्या आऱ्यांमधून आरपीएमचा काटा दिसतो का ते पाहा.

चाकाच्या पेटीच्या बोल्टांखाली मात्र नुसते वॉशर घालू नका. मागून तळहाताएवढी, पाच-सहा मिलिमीटरची स्टेनलेस किंवा फायबरची पट्टी द्या, म्हणजे भार पसरेल. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे आणि नट आतून नायलॉन असलेले घ्या.

आता वायरिंग. जुन्या तारेचे टोक दोन सेंटिमीटर सोला. आत तांबे काळे पडले असेल तर आणखी दहा सेंटिमीटर कापून पुन्हा सोला, कारण खारवट ओल केशाकर्षणाने तारेच्या आत चढत जाते. तिथेही काळेच निघाले तर ती तार संपली. नवी घेताना घरगुती वायर नको. प्रत्येक तंतूवर कथिलाचा मुलामा असलेली, अनेक तंतूंची, तांब्याची वायर मागा. जाडी हिशेबाने ठरवा. बॅटरी ते डॅशबोर्ड सहा मीटर आणि परतीची सहा, अशी बारा मीटर तार धरली आणि डॅशबोर्डवरच्या सगळ्या गोष्टी मिळून दहा अँपिअर घेतात असे मानले, तर अडीच एमएमच्या तारेत जवळजवळ ०.८४ व्होल्ट वाटेतच खर्च होतो, म्हणजे बारा व्होल्टांचे सात टक्के. तीच तार सहा एमएमची घेतली तर ०.३५ व्होल्ट, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. बोटीच्या नॅव्हिगेशन दिव्यांसाठी तीन टक्क्यांचीच मर्यादा मानली जाते. या मुख्य तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवा. डॅशबोर्डवरचा फ्यूज डॅशबोर्डला वाचवतो, पण बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सहा मीटर तारेला वाचवणारा कोणीच नसतो.

जोड पिळून टेप लावण्याचे नाहीत आणि नुसत्या कावियाने डाख देण्याचेही नाहीत, कारण डाख दिलेली तार ताठ होते आणि बोटीच्या हादऱ्यांनी बरोबर डाखाच्या कडेला तुटते. थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी, चांगल्या पकडीने दाबा, ओढून पाहा, आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. गोंद दोन्ही टोकांना थेंबभर बाहेर आलेला दिसला की जोड बंद झाला असे समजावे. प्रत्येक तार मीटरला लागण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी मीटरात न जाता तिथून गळेल. घरगुती सिलिकॉन वापरू नका; ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तांबे खाते.

तुमची बॅटरी उतरण्याचे कारण बहुधा त्या भगदाडातच आहे. म्युझिक सिस्टिम काढली, पण तिची कायम वीज घेणारी तार आत कुठेतरी जिवंत असेल. सगळे स्विच बंद करून मल्टिमीटर अँपिअरवर ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मध्ये जोडा. मीटर मध्ये असताना इंजिनाची चावी फिरवू नका. ०.३ अँपिअर दिसले तरी दिवसाला सात अँपिअर-तास जातात, म्हणजे सत्तर-ऐंशी अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत रिकामी. तुमच्या पत्रातले दिवस तेवढेच आहेत. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की चोर सापडला. तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा तरंगता स्विच मात्र सगळ्यांच्या आधीचा, स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीवर असू द्या. तो डॅशबोर्डच्या स्विचवर अवलंबून ठेवला, तर एखाद्या रात्री मुसळधार पावसात बोट धक्क्यालाच बुडते.

आरपीएम मीटर फेकण्याआधी त्याच्या पाठीवर पाहा. तिथे बहुधा बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवण्याचा खटका असतो. त्यावर इंजिनाच्या अल्टरनेटरच्या पोलांची (चुंबकीय ध्रुवांची) संख्या लावायची असते. बारा पोलांच्या इंजिनावर खटका सहा पोलांवर असेल तर काटा दुप्पट दाखवतो : इंजिन ७५० ला शांत चालत असते आणि मीटर १५०० म्हणते. खटक्याचे टोक जुने असल्यास त्यावर काट बसलेला असतो, म्हणून दोन-तीनदा इकडे-तिकडे फिरवून योग्य जागी आणा. काचा बाहेरून धुरकट असतील तर दोन हजार नंबरच्या ओल्या पेपरने आणि प्लास्टिक पॉलिशने उजळतात. आतून बाष्प धरले असेल तर मीटर बदलणेच बरे.

पावसाबद्दल विचारले आहे. कामाचे दोन भाग करा. फायबरचे काम मेच्या मध्यापर्यंत उरका, कारण हवा दमट झाली की मॅट ओल धरते आणि रेझिन नीट सुकत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, शेजारपाजारच्या होड्या झाप घालून शाकारलेल्या असतात. तशीच तुमचीही शाकारा, पण डॅशबोर्डचा पॅनेल काढून घरी न्या. पाऊस कोसळत असताना ओटीवर बसून, चांगल्या उजेडात, टेबलावर पॅनेलचे सगळे वायरिंग करण्यासारखे समाधानाचे काम नाही. जोड बोटीत वाकून करण्यापेक्षा दसपट चांगले होतात. ऑगस्टअखेर पॅनेल नेऊन बसवायचा, चिठ्ठ्यांप्रमाणे तारा लावायच्या आणि प्रत्येक स्विच स्वतंत्र तपासायचा.

प्रश्न (अलिबाग) : डॅशबोर्ड नवा केला तेव्हा इंधनाचा मीटरही नवा घेतला. टाकी भरली की तो रिकामी दाखवतो आणि रिकामी होत गेली की भरलेली. दोन इलेक्ट्रिशियन पाहून गेले, तारा उलटसुलट करून झाल्या. मीटर बिघडलेला आहे का?

उत्तर : मीटर चांगला आहे, तारा चांगल्या आहेत, दोघांची भाषा वेगळी आहे. टाकीतला तरंगता खटका इंधनाच्या पातळीप्रमाणे विजेचा रोध बदलतो आणि मीटर तो रोध वाचतो. अमेरिकन पद्धतीत रिकामी टाकी २४० ओहम आणि भरलेली ३३ ओहम. युरोपीय पद्धतीत रिकामी १० ओहम आणि भरलेली १८०. तुमची टाकी अमेरिकन आणि नवा मीटर युरोपीय पद्धतीचा दिसतो, म्हणून भरल्या टाकीचे ३३ ओहम तो जवळजवळ रिकामे समजतो आणि रिकाम्या टाकीचे २४० पूर्ण भरलेले समजतो.

खात्री करायची असल्यास टाकीपाशी जाऊ नका, तिथे ठिणगी नको. डॅशबोर्डच्या मागे मीटरच्या एस या स्क्रूवरची तार सोडवा आणि चावी फिरवा. काटा भरलेल्याकडे गेला तर मीटर युरोपीय, रिकाम्याकडे गेला तर अमेरिकन. मग चावी बंद करून त्या सुट्या तारेचा आणि निगेटिव्हचा रोध मल्टिमीटरने मोजा, टाकीची पद्धत कळेल. मीटर बदलून घेणे हा सरळ उपाय आहे. टाकीतला खटका बदलण्यापेक्षा तो सोपा आणि सुरक्षित आहे. पाठीवर २४०-३३ लिहिलेला मीटर मागा. तोपर्यंत मांडव्याहून मुंबईकडे निघताना टाकीत काठी घालूनच इंधन पाहा.

प्रश्न (मिशिगन, अमेरिका) : आमची १९९४ सालची बोट गोड्या पाण्याच्या तलावात असते, त्यामुळे गंज नाही. पण लाकडासारखा दिसणारा ॲक्रिलिकचा डॅशबोर्ड प्रत्येक स्क्रूपासून तडकला आहे, आणि गेल्या वर्षी स्पिरिटने पुसल्यावर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या. नवा पॅनेल केल्यास पुन्हा असेच होईल का?

उत्तर : जुन्याच पद्धतीने बसवलात तर होईल. तुमच्याकडे हिवाळ्यात उणे वीस आणि उन्हाळ्यात झाकलेल्या बोटीत सहज चाळीस अंश तापमान होते. साठ अंशांच्या या फरकात साठ सेंटिमीटर लांबीचे ॲक्रिलिक सुमारे अडीच मिलिमीटर वाढते आणि आकसते. स्क्रूने घट्ट धरून ठेवलेल्या पॅनेलला हालचालीला जागाच नसते, म्हणून तो भोकापासून फाटतो. एक भोक नेमक्या मापाचे ठेवा, उरलेली स्क्रूच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी करा, खाली नायलॉनचे वॉशर घाला आणि स्क्रू हाताने टेकेपर्यंतच आवळा. डोके आत बसणारे, पाचरीसारखे स्क्रू इथे वापरू नका. ते भोक फाकवतात.

रेषांचे कारण स्पिरिटच आहे. कापल्या-वाकवल्याचा ताण ॲक्रिलिकमध्ये दडलेला असतो आणि अल्कोहोल, थिनर किंवा पेट्रोल लागताच तो भेगांच्या रूपाने बाहेर येतो. त्या रेषा पॉलिशने जात नाहीत. जुना पॅनेल फेकू नका, तडकलेला असला तरी तोच तुमचा साचा आहे. तो जाड कागदावर ठेवून भोकांसह रेखाटून घ्या. लेसरने ॲक्रिलिक कापून देणारी पाट्यांची दुकाने तुमच्याकडेही असतील, आणि लेसरची कड गुळगुळीत येते. लाकडाची नक्षी पुन्हा हवीच असेल तर ती पॅनेलच्या मागच्या बाजूने लावा. पुढे पुसायला पाणी आणि साबणाचे दोन थेंब, एवढेच.

प्रश्न (पणजी) : डॅशबोर्ड दुरुस्त करताना दोन स्पीकर आणि मोबाइल धरायचा स्टँड बसवला. त्यानंतर होकायंत्र वीस-पंचवीस अंश चुकते. मांडवीच्या मुखातून बाहेर पडल्यावर फार अडचण होते. होकायंत्र नवे घ्यावे का?

उत्तर : होकायंत्र निर्दोष आहे, त्याच्या शेजारी तुम्ही दोन, कदाचित तीन लोहचुंबके आणून ठेवली आहेत. प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर एक असते, आणि मोबाइलचा स्टँड चुंबकाने चिकटणारा असेल तर तिसरे तिथे आहे. पुष्कळांच्या ते लक्षातही येत नाही. स्पीकर होकायंत्रापासून निदान एक मीटर दूर, शक्यतो खुर्चीच्या मागे न्या. स्टँड चिमट्याचा घ्या, आणि मोबाइलही दूर राहील असा लावा.

त्यानंतर वायरिंग तपासा. बोट धक्क्याला घट्ट बांधून ठेवा, होकायंत्राचा आकडा लिहा आणि दिवे, पंप, भोंगा एकेक करून सुरू करत पाहा. एखाद्या स्विचला चकती हलली तर त्याच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तारा दोरीसारख्या एकमेकींना पिळून घ्या. दोघींमधून उलट दिशेने जाणाऱ्या विजेची चुंबकीय ओढ मग एकमेकींना मारते. होकायंत्राजवळचे लोखंडी स्क्रू काढून पितळी लावा. एवढे करूनही दोन-चार अंशांचा फरक उरेल. मांडवीच्या बाहेर शांत पाण्यात, आठ दिशांना बोट वळवून, प्रत्येक दिशेचा फरक जीपीएसशी ताडून लिहा आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून होकायंत्राखाली डकवा. पुढे डॅशबोर्डवर काहीही नवे बसवले, की तो कागद रद्द करून पुन्हा मोजा.